जर्मन गाडीचे नाव मोठे. पण आपल्या रस्त्यावर ती टिकते किती?

कोराडी, महादुला, सुरादेवी, नांदा या पट्ट्यात जमिनीचे पैसे हाती आले, की पहिली चर्चा गाडीची होते. पारावर बसलेला एखादा म्हणतो, "ट्रॅक्टर तं सगळ्यांच्याच घरी हाय, आता मोठी गाडी घेऊ." मोठी गाडी म्हणजे मर्सिडीज, बीएमडब्ल्यू नाहीतर ऑडी. नवी परवडत नसेल, तर नागपुरात जुनी मिळते. "जर्मन माल हाय, मरत नाही," हे त्यावरचे ठरलेले उत्तर. पैसा आपला आहे, तो कसा खर्चायचा हे ज्याचे त्याने ठरवावे. पण या "मरत नाही"ची शहानिशा आधी झालेली बरी.

नाव कुठून आले?

जर्मन गाडीचा लौकिक आपल्याकडे कारमुळे नव्हे, ट्रकमुळे झाला. १९५४ साली टेल्को कंपनीने जर्मनीच्या डायम्लर-बेन्झ कंपनीशी करार केला आणि जमशेदपूरला 'टाटा मर्सिडीज बेन्झ' ट्रक तयार होऊ लागले. १९६९ साली करार संपला, तोवर बेन्झ म्हणजे ओझे वाहणारी, सहजासहजी न थकणारी गाडी हे ड्रायव्हर मंडळींच्या डोक्यात पक्के बसले होते.

दुसरे नाव बजाज टेम्पोचे. ही कंपनी १९५८ साली जर्मन टेम्पो कंपनीच्या सहकार्याने उभी राहिली. तिच्या ट्रॅक्समधून आपण लग्नाला, बाजाराला, दवाखान्याला किती वेळा गेलो असू, मोजदाद नाही. त्या ट्रॅक्समध्ये बसवलेले डिझेल इंजिन मुळात मर्सिडीजचे, ओएम ६१६ या जातीचे. म्हणजे मर्सिडीजमध्ये कधी न बसलेला माणूसही मर्सिडीजच्या इंजिनावर फिरून आला आहे!

याच जातीचे इंजिन मर्सिडीजच्या '२४० डी' या कारला होते. ग्रीस देशातील ग्रेगोरियोस साखिनिदिस या टॅक्सीवाल्याने १९७६ सालची अशी कार तब्बल ४६ लाख किलोमीटर चालवली. २००४ साली कंपनीने ती आपल्या संग्रहालयासाठी घेतली आणि त्याला नवी गाडी दिली. मात्र ही गाडी एकाच इंजिनावर इतकी चालली नाही. त्याने इंजिने आलटून-पालटून बसवली, ती वेळेवर उघडून दुरुस्त केली. म्हणजे टिकली ती गाडी आणि टिकवली ती मालकाने. बैलजोडीचेही तेच नाही काय?

जुने इंजिन आणि नवे इंजिन

ते जुने इंजिन का टिकायचे, हे शेतकऱ्याला लवकर समजेल. २४०० सीसीच्या आसपासचे इंजिन आणि ताकद ६५ हॉर्सपॉवर. म्हणजे अंगावर फार ताण नाही. बीडाचा ब्लॉक, साधा डिझेल पंप, टर्बो नाही, कॉम्प्युटर नाही. बिघाड झाला तर गावचा मेकॅनिक पान्याने उघडून बसवायचा.

आजच्या गाडीची गोष्ट वेगळी. तेवढ्याच इंजिनातून तिप्पट ताकद काढलेली असते. डिझेल फार मोठ्या दाबाने बारीक छिद्रांतून फवारले जाते. धूर गाळायला सायलेन्सरच्या वाटेत जाळी असते. ही जाळी साफ होण्यासाठी गाडी काही वेळ सलग वेगात चालावी लागते. घर ते वावर आणि वावर ते पानटपरी एवढेच फिरणे असेल, तर ती चोंदते. त्यात कोराडीच्या हवेत राख आणि कोळशाची धूळ. हवेचा फिल्टर पुस्तकात लिहिलेल्या मुदतीपेक्षा लवकर बदलावा लागतो. ट्रॅक्टरसाठी ड्रममध्ये ठेवलेले डिझेल अशा गाडीत कधीही टाकू नये. ड्रमातील थोडे पाणी किंवा गाळ ट्रॅक्टर एखादवेळ सहन करेल, ही गाडी करणार नाही.

तेव्हा नवी जर्मन गाडी वाईट आहे, असे अजिबात नाही. तिची ताकद, तिचे ब्रेक, अपघातात सांभाळण्याची तिची क्षमता वरच्या दर्जाची आहे. फक्त ती आता दुर्लक्ष सहन करत नाही, आणि तिचे औषधपाणी महाग आहे.

हिशेब काय सांगतो?

ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, तिथल्या मंडळींनी एकत्र येऊन एकदम १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या. सौदा सुमारे ६५ कोटींचा होता. देशभर गाजावाजा झाला. स्टेट बँकेने त्यासाठी ७ टक्क्यांनी कर्ज दिले होते. त्याच वर्षी पत्रकार पी. साईनाथ यांनी 'द हिंदू' या दैनिकात दाखवून दिले, की त्याच जिल्ह्यातल्या एका शेतकरी बाईच्या ट्रॅक्टर कर्जावर १५.९ टक्के व्याज होते. श्रीमंती गाडीला स्वस्त पैसा आणि नांगरणाऱ्या यंत्राला महाग, हा प्रश्न आपल्या ग्रामसभांनी विचारण्यासारखा आहे.

आता घरचा हिशेब पाहू. विम्यासाठी गाडीची किंमत धरताना पाचव्या वर्षी ५० टक्के घट धरतात. म्हणजे ४० लाखांची गाडी कागदावर २० लाखांवर येते. याउलट, ६ बाय ६ मीटरवर संत्र्याची बाग लावली तर हेक्टरी २७७ झाडे बसतात आणि ती पाचव्या-सहाव्या वर्षी फळावर येतात. गाडी जेव्हा निम्म्यावर येते, तेव्हा बाग कमवायला लागते. बागेला डिंक्या आहे, पाण्याची ओढ आहे, भावाची मारामार आहे, हे खरेच. पण मोबदल्याचा पैसा आयुष्यात एकदाच येतो.

चालवणारा कसा?

"मोठ्या गाडीवाले माजोरी असतात," असे लोक सरसकट बोलतात. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या संशोधकांनी १,८९२ गाडीमालकांचा अभ्यास केला. हेकट, आपलेच खरे करणारे पुरुष अशा गाड्यांकडे ओढले जातात, असे त्यात दिसले. पण त्याचबरोबर नेटके, जबाबदार, कामात चोख असलेले लोकही या गाड्या पसंत करतात, हेही दिसले. तेव्हा दोष गाडीच्या चिन्हात नाही.

तरीही घटना विसरता येत नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये नागपूरच्या रामझुल्यावर मर्सिडीजच्या धडकेत दोन तरुण गेले. १९ मे २०२४ रोजी पुण्याच्या कल्याणीनगरात पोर्शे गाडीखाली दोन तरुण अभियंते गेले. गाडी १७ वर्षांचा मुलगा चालवत होता, असे पोलिसांनी सांगितले. गावात पोट्ट्याच्या हाती चावी देणाऱ्या बापांनी कायदा लक्षात ठेवावा. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालकाला किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद व २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणीही १२ महिन्यांसाठी रद्द होते. ग्रामसेवक व पोलीस पाटलांनी ही माहिती ग्रामसभेत जरूर द्यावी.

गाडी मजबूत म्हणून माणूस सुरक्षित, असेही नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांची मर्सिडीज पुलाच्या कठड्यावर आदळली. पुढचे दोघे वाचले. मागे बसलेले दोघे गेले. त्यांनी पट्टे लावलेले नव्हते. समृद्धी महामार्गावर कारला १२० ची मर्यादा आहे. तिथे मागच्या सीटवर आजी-आजोबा असले, तरी पट्टा लावलाच पाहिजे.

घ्यायचीच असेल तर

१) दिल्लीत १० वर्षांवरील डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यामुळे तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येतात. तिथल्या आरटीओची एनओसी आणि बँकेचा बोजा उतरल्याचा कागद पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये.
२) खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे दर ५ वर्षांनी फिटनेस व नूतनीकरण लागते. गाडीचे वय त्या हिशेबाने धरावे.
३) पुरात बुडालेली गाडी ओळखावी. गालिचा उचलून चिखल, गंज, कुबट वास तपासावा.
४) सर्व्हिसच्या नोंदी मागाव्यात आणि जाणत्या वर्कशॉपमध्ये कॉम्प्युटर लावून गाडी तपासून घ्यावी.
५) टायर, ब्रेक, बॅटरी, विमा यांचा वर्षाचा खर्च आधी विचारावा. तो दरवर्षी शेतीच्या उत्पन्नातून भागत नसेल, तर ती गाडी आपल्यासाठी नाही.

जमीन विकून आलेल्या पैशातून आधी कर्ज फेडावे, मग विहीर, ठिबक, मुलांचे शिक्षण आणि बँकेतली ठेव पाहावी. त्यातून उरले, तर गाडी खुशाल घ्यावी. आणि घेतली, तर त्या ग्रीक टॅक्सीवाल्यासारखी सांभाळावी.