रणपदकांचा खरा मान

आगाशीहून अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर गेलें म्हणजे समोर पाण्यांत जो जलदुर्ग दिसतो, त्याच्या इतिहासाशीं एका पदकाची कथा निगडित आहे. डिसेंबर १७८० मध्यें जनरल गॉडर्डनें वसई घेतली व थोड्याच दिवसांत अर्नाळाही त्याच्या हातीं गेला. बंगालहून चालत आलेल्या ज्या हिंदी शिपायांच्या बळावर ही मोहीम झाली, त्यांस ईस्ट इंडिया कंपनीनें १७८४ सालीं ‘दख्खन पदक’ दिलें. कंपनीच्या रणपदकांत हें पहिलें मानतात. एका बाजूस ब्रिटानिया, दुसऱ्या बाजूस फारशी लेख. आणि धातु हुद्द्याप्रमाणें सोनें किंवा रुपें! त्याच मोहिमेंत दुगाडच्या रणांत देह ठेवणाऱ्या रामचंद्र गणेशास पदक कोण देणार?

परकीय सत्तेची ही तऱ्हा पुढेंही सुटली नाहीं. पहिल्या महायुद्धाचें ब्रिटिश पदक लढवय्यास रुप्याचें, तर हिंदी मजूर-पलटणींतील मजुरांस काशाचें मिळालें. स्वतंत्र हिंदुस्थानानें १९५० सालीं जें ‘जनरल सर्व्हिस मेडल १९४७’ निर्माण केलें, त्यावर मात्र ‘भवानी’ तलवार आहे, आणि तें सेनापतीस व साध्या जवानास एकाच धातूचें आहे. हा फरक लहान नव्हे.

पदकें दोन जातींचीं असतात, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. एप्रिल १९४८ मध्यें नौशेरा-राजौरी मार्गावरील सुरुंग दूर करणाऱ्या रामा राघोबा राणे यांस परमवीर चक्र मिळालें, तें शौर्याबद्दल. रणपदक मिळतें तें नेमलेल्या मुदतींत नेमलेल्या क्षेत्रांत सेवा केल्याबद्दल. १९६५ चा समर सेवा स्टार, १९७१ चे पूर्वी व पश्चिमी स्टार हे याच जातीचे. १९९९ च्या कारगिल युद्धांत प्रत्यक्ष झुंजलेल्यांस ऑपरेशन विजय स्टार व पाठीशीं राहून साह्य करणाऱ्यांस ऑपरेशन विजय मेडल, असा भेद केला गेला. पदकें डाव्या छातीवर, ठरलेल्या क्रमानें एका ओळींत लावतात. सर्वांत श्रेष्ठ पदक छातीच्या मध्याकडे येतें. नित्याच्या गणवेषावर केवळ रंगीत फितीच असतात. जाणता मनुष्य त्यांवरून शिपायाची सारी चाकरी वाचूं शकतो.

मग आम्हां नागरिकांचें कर्तव्य काय? जुन्या पदकांच्या कडेवर बहुधा शिपायाचा क्रमांक व नांव कोरलेलें असतें. कुटुंबास अडचण आली म्हणजे तेंच पदक सराफाच्या तराजूंत येतें आणि आटवलें जातें. आमच्या व्यापारी बंधूंस आम्ही आग्रहानें सांगतों कीं, मुशींत टाकण्यापूर्वीं ती कड एकदां वाचा. शक्य तर पदक त्या घरींच ठेवून गरजूस अन्य साह्य करा. रुप्याचा भाव तोळ्यावर ठरतो. त्या नांवाचा ठरत नाहीं. गांवानेंही आपल्या पदकधारकांची यादी शाळेंत लावावी आणि झेंडावंदनास त्यांस पुढचें आसन द्यावें. परक्यानें दिलेलें पदकही शेवटीं आपल्याच माणसाच्या घामाचें होतें. तो घाम विसरणाऱ्या समाजास नव्या शिपायाकडून त्यागाची अपेक्षा करण्याचा अधिकार उरत नाहीं.