ओझावा आणि रिकामे झालेले मद्रास

एप्रिल १९४२मध्ये मद्रास, म्हणजे आजचे चेन्नई, रिकामे झाले. सरकारी कचेऱ्याही आतल्या जिल्ह्यांत हलल्या. ही निव्वळ घबराट होती, असे म्हणणे त्या शहरावर अन्याय करणारे आहे. जपानचे व्हाइस ॲडमिरल जिसाबुरो ओझावा (१८८६–१९६६) यांचा ताफा तेव्हा बंगालच्या उपसागरात होता. हलकी विमानवाहू नौका ‘र्‍युजो’ आणि काही क्रूझर यांच्या बळावर त्याने थोड्या दिवसांत वीसहून अधिक व्यापारी जहाजे बुडवली. ६ एप्रिलला विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर बॉम्ब पडले. कोणी म्हणेल, सैन्य उतरवण्याचा त्यांचा बेतच नव्हता. खरे आहे, पण किनाऱ्यावरच्या माणसाला तो कळणार कसा? चारच महिन्यांपूर्वी मलायात जपानी सैन्य उतरले, ते याच ओझावांच्या आरमाराच्या संरक्षणाखाली. त्यांच्या पूर्वेतिहासावरून काढलेला तर्क चुकला, तरी तो अविचार ठरत नाही. हेतू लपवण्यात ते किती तरबेज होते, हे ऑक्टोबर १९४४मध्ये फिलिपाइन्सजवळच्या लेतेच्या लढाईत अमेरिकनांनाही कळले: विमाने जवळपास संपलेल्या चार विमानवाहू नौका आमिष म्हणून पुढे करून त्यांनी अमेरिकी ॲडमिरल हॅल्सीचे बलाढ्य आरमार उत्तरेकडे ओढले. चारही नौका बुडाल्या. मे १९४५मध्ये ते जपानच्या संयुक्त आरमाराचे अखेरचे सरसेनापती झाले.