सहा गाठींची सुतळी

तबेल्यातील खुंटीवर लोंबणारा लगाम हा पाहणाऱ्यास कातड्याच्या वाद्यांचा आणि बकलांचा एक निरुपद्रवी गुंता वाटतो. परंतु तोच गुंता घोड्याच्या मस्तकावर चढला की त्याचे यंत्र होते, आणि यंत्राचा असा स्वभावच आहे की त्यातील एक भाग अर्धा इंच आखूड पडला, तर त्याचा जाच त्या भागाला न होता भलत्याच ठिकाणी होतो. कपाळावरचा पट्टा आखूड असतो आणि दुखतात कान. नाकावरचा पट्टा खाली घसरतो आणि कोंडतो श्वास. घोड्याला ही तक्रार लेखी अर्जाने पेश करता येत नसल्यामुळे तो मान झटकतो, तोंड उघडतो, लगाम घेऊन येणारा इसम दिसताच डोके उंच नेतो; आणि आपण मात्र अर्ज न वाचताच फैसला देऊन मोकळे होतो की जनावर हट्टी आहे.

आमच्या एका स्नेह्यांची घोडी अशीच हट्टी ठरली होती. सातारा जिल्ह्यातील एका गावात मास्तरकी करून उरलेल्या वेळात आणि उरलेल्या पगारात घोडे बाळगण्याचा शौक करणाऱ्या या गृहस्थांनी ती सारंगखेड्याच्या यात्रेत घेतली. तापीच्या काठी, एकमुखी दत्ताच्या देवळापाशी, दत्तजयंतीला भरणारा तेथील घोडेबाजार ठाऊक नाही असा अश्वप्रेमी महाराष्ट्रात विरळा. घोडी काठेवाडी, रंगाने कुमैत आणि चालीला गोड. परंतु काठेवाडी रक्ताचे जे सौंदर्य, तेच लगाम विकत घेणाऱ्याचे संकट. या जातीचे कपाळ रुंद, डोळे मोठे, नाकाचा कणा किंचित आत गेलेला आणि तोंडाचा शेंडा लहानखुरा. आणि या सर्वांवर ते प्रसिद्ध कान, जे मुळाशी एकमेकांजवळ असून कमानीसारखे आत वळत टोकाशी जवळजवळ भेटतात आणि चाहूल येईल तिकडे स्वतंत्रपणे फिरतात. मारवाडी घोड्याचे कानही याच घडणीचे. अशा मस्तकाला मोठ्या मापाचा लगाम घालावा, तर नाकपट्टा गळून नाकपुड्यांवर येतो; लहान मापाचा घालावा, तर कपाळपट्टा कपाळावर ताणून बसतो. मास्तरांनी दोन्ही प्रयोग पदरमोड करून केले आणि दोन्ही लगाम खुंटीवर टांगून ठेवले.

या ठिकाणी यंत्राची रचना थोडी पाहिली पाहिजे. कानांच्या मागून माथ्यावर येतो तो शिरपट्टा. सबंध लगामाचा भार त्याच्यावर. तो मागे मानेवर घसरू नये म्हणून कानांच्या पुढून कपाळपट्टा; शिरपट्ट्यापासून दोन्ही गालांवरून उतरणारे गालपट्टे; त्यांच्या टोकांस तोंडातील लोखंड, ज्याला जुने लोक कडियाळे म्हणत; नाकाभोवती नाकपट्टा; लगाम डोक्यावरून निघून येऊ नये म्हणून जबड्याच्या मागून गळपट्टा; आणि शेवटी स्वाराच्या हातात येणारी वाग. ज्यांचे शिक्षण पलटणीत किंवा रेसकोर्सवर झाले, ते मोतद्दार यांनाच हेडपीस, ब्राउबँड, चीकपीस, नोजबँड, थ्रोटलॅश म्हणतात. प्रत्येकाची बसण्याची जागा ठरलेली आहे आणि ती तपासण्याचे साधन ईश्वराने प्रत्येकाच्या हाताला दिले आहे. गालाच्या उभ्या हाडाच्या टोकाखाली दोन बोटे सोडून नाकपट्टा बसावा आणि त्याच्या आत दोन बोटे सहज जावीत. गळपट्टा आणि गाल यांच्यामध्ये मूठ उभी मावावी. कपाळपट्ट्याखालून एक बोट फिरावे. आणि कडियाळ्याची दांडी ओठांच्या दोन्ही बाजूंस पाव इंचापेक्षा फारशी बाहेर येऊ नये. दोन बोटांचा हा दंडक वरकरणी ढोबळ दिसतो खरा, परंतु बोटे कोणाची, हा वाद इतका वाढला की आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने २०२५ पासून स्पर्धांत मोजपट्टीच लागू केली, आणि तिच्या हिशेबाने नाकाच्या हाडावर पट्ट्याखाली दीड सेंटिमीटर जागा असावी लागते.

एवढी सूक्ष्म चिकित्सा कशासाठी, असे कोणी विचारील, तर त्याचे उत्तर घोड्याच्या कातडीखाली आहे. घोड्याचे मुख बाहेरून दणकट दिसले तरी त्यावर मांसाचे आच्छादन थोडे. नाकाचे हाड शेंड्याकडे पातळ होत जाते. चेहऱ्याच्या स्नायूंना चालना देणारा मज्जातंतू गालावरून जवळजवळ कातडीला लागून जातो. म्हणूनच शस्त्रक्रियेसाठी घोड्याला बेशुद्ध करून आडवे केले, की जाणता पशुवैद्य प्रथम त्याची मोहरकी उतरवतो; कारण मोहरकीचे बक्कल गालाखाली दबून राहिले, तर उठलेल्या घोड्याचा ओठ लुळा पडलेला आढळतो. तोंडात पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये हिरडीची जी मोकळी जागा असते, तीवर कडियाळे विसावते. त्या हिरडीखाली हाडाची कड आहे. आणि कानांच्या मुळाशी, जेथे शिरपट्टा बसतो, तेथे कान फिरविणारे स्नायू आहेत. काठेवाडी घोड्याच्या बाबतीत हे स्नायू अखंड कामावर. त्यांच्या वाटेत आखूड कपाळपट्ट्याने पुढे ओढलेला शिरपट्टा आला, म्हणजे कानाची प्रत्येक हालचाल एक लहानशी जखम होते.

ही जाणीव आजकालची नव्हे. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात झेनोफन या ग्रीक सेनानीने अश्वविद्येवर जो ग्रंथ लिहिला, त्यात त्याने मोतद्दारास बजावले आहे की मोहरकीची गाठ माथ्यावर शिरपट्ट्याच्या जागी येऊ देऊ नये. कारण घोडा गव्हाणीला डोके घासतो, तेथे फोड येतात आणि मग तो लगाम चढवू देत नाही. त्याच ग्रीकांचा लगामवाचक शब्द संस्कृतात ‘खलीन’ होऊन आला असे विद्वान मानतात. पुढे फारसीतून ‘लगाम’ आला आणि खलीन कोशात जाऊन बसले. शब्द असे बदलले, परंतु खर्चाचा प्रश्न मात्र सर्व राजवटींत तोच राहिला. मराठ्यांच्या फौजेत बारगिरास घोडा आणि सामान सरकारातून मिळे. शिलेदार मात्र दोन्ही आपल्या पदरचे आणी. तेव्हा पागेतून येईल ते सामान घोड्यावर चढविणारा बारगीर आणि आपल्या तट्टाच्या मापाचे सामान आपल्या कमाईत बसविण्यासाठी चांभाराच्या ओट्यावर ताटकळणारा शिलेदार, असे दोन पंथ आपल्याकडे फार पूर्वीपासून आहेत. आणि आमचे मास्तर उघडच दुसऱ्या पंथाचे.

या दुसऱ्या पंथाची खरी अडचण कारखान्यांनी वाढविली. इंग्लंडातील वॉल्सॉल हे शहर खोगीर-लगामांच्या धंद्यावर इतके वाढले की तेथील फुटबॉल संघाचे टोपणनावच ‘सॅडलर्स’ पडले. आपल्याकडे तो मान कानपूरचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारने घोडदळाच्या सामानाचा कारखाना तेथे चालविला, त्याच्याभोवती चर्मोद्योग वाढला, आणि आज ‘कानपूर सॅडलरी’ या नावाला भौगोलिक मानांकन असून तेथील माल परदेशी जातो. परदेशी जाणारा माल परदेशी घोड्याच्या मापाचा असणार, हे ओघानेच आले. पोनी, कॉब, फुल आणि एक्स्ट्रा फुल अशी चार मापे; त्यांतील प्रत्येक माप म्हणजे एक काल्पनिक मस्तक, ज्यात कपाळ मोठे तर नाकही मोठे असे गृहीत धरले आहे. सुमारे १४७ सेंटिमीटर उंचीच्या काठेवाडी घोडीने हे गृहीतक मानण्याचे कारणच काय? तिचे कपाळ ‘फुल’ आणि नाक ‘पोनी’. आणि तयार जोड घेणाऱ्याने तिच्या एका अवयवाला न्याय देऊन दुसऱ्यावर अन्याय करावा, एवढाच पर्याय दुकानदार पुढे ठेवतो. दुसरा पर्याय म्हणजे मापाबरहुकूम शिवून घेणे; त्याची किंमत ऐकून मास्तर एक महिना घोड्यांविषयी बोलले नाहीत.

मार्ग निघाला तो गावातल्या चपला शिवणाऱ्या वृद्ध कारागिराच्या ओट्यावर. मास्तरांनी दोन्ही निकामी लगाम त्याच्यापुढे टाकले, तेव्हा त्याने ते उलटसुलट करून पाहिले, बकले काढली, वाद्या अलग केल्या, आणि पाचदहा मिनिटांत त्याच्यापुढे लगाम नावाची वस्तूच उरली नाही. उरले ते चौदा-पंधरा सुटे तुकडे. “मामा, मोडलात की सगळं!” मास्तर म्हणाले. “मोडलं कुठं, मास्तर? हे जोडायचंच असतं,” तो म्हणाला. “पायाचं माप घेतो तसं कपाळाचं घेऊ. पण जनावर हुबं राहील न्हवं?” जनावर उभे राहिले. खिशातून सुतळी काढून त्याने तिच्या एका टोकापासून मापे घेण्यास आरंभ केला आणि प्रत्येक मापाच्या जागी गाठ मारली. तोंडाची रुंदी ही पहिली गाठ. एका कानाच्या मागून कपाळावरून दुसऱ्या कानाच्या मागे ही दुसरी. नाकाचा घेर ही तिसरी. कानाच्या मुळापासून गळ्याखालून दुसऱ्या कानाच्या मुळाशी ही चौथी. नाकपट्ट्याच्या जागेपासून माथ्यावरून पलीकडच्या त्याच जागेपर्यंत पाचवी. आणि ओठाच्या कोपऱ्यापासून माथ्यावरून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सहावी. लिहिणे-वाचणे न येणाऱ्या त्या माणसाने अशा रीतीने घोडीच्या मस्तकाचे सबंध दफ्तर एका सुतळीत बांधले. आणि गाठी लांबीच्या चढत्या क्रमाने पडत गेल्यामुळे कोणती कशाची, हा घोटाळा होण्याचे कारणच राहिले नाही.

मग जुळणी सुरू झाली. मोठ्या लगामाचा शिरपट्टा आणि गालपट्टे सहाव्या गाठीशी जमले. लहान लगामाचा नाकपट्टा तिसऱ्या गाठीपेक्षा जरासा सैल निघाला, तेव्हा बकलाची बाजू न दुखविता दुसऱ्या टोकाकडून तो छाटून नवी भोके पाडली, दोन भोकांतील अंतर सारखे ठेवून, आणि बक्कल मधल्या भोकात येईल अशा बेताने, म्हणजे पुढे कातडे ताणले किंवा घोडी अंगाने भरली तरी दोन्हीकडे वाव राहावा. कपाळपट्टा मात्र दोन्हींतला एकही पुरेना. तेथे मामांनी बाभळीच्या सालीने कमावलेल्या कातड्याची पट्टी रापीने तासली, कडा आतून पातळ केल्या, दोन्ही टोकांना शिरपट्ट्याच्या रुंदीची घरे शिवली. आरीने भोक, मेणाच्या दोऱ्याचा टाका, पुन्हा भोक, पुन्हा टाका. हे घर अरुंद झाले तर शिरपट्टा त्यात चुरगळतो आणि फार रुंद झाले तर घसरतो. म्हणून सुटे भाग जमविणाऱ्याने लांबीइतकीच रुंदीही पाहावी लागते. दुसऱ्या कमावणीच्या या कातड्याचा रंग उरलेल्या लगामापेक्षा फिका आला. मास्तर थोडे हिरमुसले. घोडीची त्याबद्दल काही हरकत दिसली नाही.

अल्पवित्त माणसाने काटकसर कोठे करावी आणि कोठे करू नये, याचा विवेक मी त्या ओट्यावर शिकलो. पितळी फुल्या, रंगीत अस्तर, दोन्ही बाजूंची हुबेहूब जोडी, यांत हात आखडावा. गालपट्टे आणि वाग यांत आखडू नये, कारण भरधाव घोड्यावर यांपैकी एक तुटले तर वाचलेला पैसा हाडवैद्याकडे जमा होतो. जुने सामान घ्यावयास हरकत नाही, किंबहुना निगा राखलेले जुने कातडे हलक्या नव्या कातड्याहून पुष्कळदा सरस असते. मात्र ते घेताना बकलाखाली जेथे कातडे वर्षानुवर्षे मुडपलेले असते, तेथे ते वाकवून पाहावे. बारीक सुरकुती चालेल, चीर चालणार नाही. टाके नखाने खरडावेत. तुटणारा दोरा तेथेच कबुली देतो. आणि कडियाळे मात्र नेहमी गुळगुळीत, गंज न चढणारे आणि तोंडाच्या मापाचे घ्यावे. मध्यम चणीच्या घोड्यास बहुधा पाच इंच पुरतात, परंतु पहिली गाठ सांगेल ते खरे. वरातीच्या घोड्यांच्या तोंडात काटेरी लगाम अडकविण्याची जी दुष्ट चाल अजून दिसते, ती ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांविषयीच्या १९६५ च्या नियमांनी निषिद्ध ठरविलेली आहे. नीट बसणाऱ्या साध्या लगामाने जे साधत नाही, ते काट्यांनी साधते असे मानणाऱ्याने आधी आपल्या हाताचे आणि मग लगामाचे माप तपासावे.

लगाम चढविण्याच्या दिवशी मी हजर होतो. घोडीने सवयीप्रमाणे डोके उंच नेले, कान मागे टाकले. मास्तरांनी घाई केली नाही. शिरपट्टा माथ्यावर टेकला आणि कान त्याच्या पुढे मोकळे सुटले, तेव्हा ती क्षणभर तशीच ताठ उभी राहिली, अपेक्षित दुखणे अजून कसे येत नाही याची जणू वाट पाहत. मग एक कान फिरला, पाठोपाठ दुसरा. आणि कमानीची ती दोन टोके पुन्हा एकमेकांजवळ आली. पहिल्या दिवशी तिने मान झटकलीच, दुसऱ्याही दिवशी झटकली. जुन्या जाचाची आठवण कातड्यापेक्षा चिवट असते. आठवड्याभरात ते कमी झाले.

मामांनी कपाळपट्ट्याचे जे पैसे घेतले, ते चपलांच्या एका जोडापेक्षा कमी होते. सुतळी मात्र त्यांनी परत दिली नाही. ती त्यांच्या ओट्यामागच्या भिंतीवर, गावातल्या माणसांच्या पायांच्या मापाचे कागद जेथे टोचलेले आहेत, तेथेच एका खिळ्याला टांगलेली आहे. मास्तरांनी मागितली, तर म्हणाले, “राहू द्या हितंच. गिऱ्हाईक हाय ती आता.”