बासुंदीला घरात घेताना

"सवत आणलीस व्हय गं तिच्या उरावर?" शेजारच्या आक्कांनी दारातूनच विचारलं. माझ्या हातात बासुंदी होती. खायची नव्हे; नृसिंहवाडीत एवढा खुलासा करावाच लागतो. ही सायीच्या रंगाची ससीण, भाचीकडून आलेली. घरात मण्या आणि चिंगी आधीचेच, तीन वर्षं एकाच ताटलीत खाणारे.

आक्कांचं अगदीच चुकलं नव्हतं. आपल्या रानातला ससा एकटा राहतो, बिळं करत नाही. पाळीव ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा, बिळात कळपानं राहणारा. कळप आला की थोरला-धाकटा आला आणि हद्दही आली. हनुवटीखालच्या ग्रंथींचा वास खुर्चीच्या पायाला, उंबऱ्याला घासून ही हद्द आखली जाते. आपल्याला त्यातलं काही दिसतही नाही, की वासही येत नाही.

मला हे ऐकून माहीत होतं, तरी पहिल्या दिवशी बासुंदीला सरळ जिन्याखालच्या मण्या-चिंगीच्या खोलीत सोडलं. चिंगीनं कान मागे टाकले, शेपटी उचलली आणि पुढच्या क्षणी दोघी एकमेकींच्या शेपटीमागे भिंगरीसारख्या फिरू लागल्या. केसांचे पुंजके उडाले. मी मध्ये हात घातला आणि अंगठा फोडून घेतला. अशा वेळी हात घालायचा नाही, जाड टॉवेल टाकायचा, हे नंतर कळलं.

खरा घोर पुढेच होता. बासुंदीला कुरवाळून मी त्याच हातानं मण्याला उचललं, तर चिंगी त्याच्यावरच धावून गेली. नव्याशी जमलं नाही तर नवा परत जातो. जुनी जोडी फुटली तर काय करायचं? दोन दिवस दोघं पाठ करून बसले. माझं जेवणात लक्ष नव्हतं.

मग सावकाश घेतलं. तिघांच्याही नसबंदीच्या शस्त्रक्रिया झालेल्या होत्या, पण बासुंदीची ताजी, महिनाभर थांबले. पिंजरे शेजारी, मध्ये वीतभर जागा, म्हणजे जाळीतून नाक चावता येऊ नये. रोज अंथरलेलं गवत इकडचं तिकडे. जाळीच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी कोथिंबिरीच्या काड्या. चिंगी खायची, पण एक डोळा पलीकडे.

एवढ्यात जुलै २०२१ उजाडला. पुराचं पाणी दत्तमंदिरात शिरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं, म्हणजे दक्षिणद्वार झालं, की वाडीत भाविक स्नानाला धावतात आणि आम्ही घाटाजवळचे लोक सामान उचलायला. पाणी थांबेना, तेव्हा तिघांना वेगवेगळ्या भाजीच्या क्रेटमध्ये घालून जयसिंगपूरला नणंदेकडे गेलो. तिथं तिघंही भिऊन गप्प. त्या गप्प बसण्याला मैत्री समजायची नाही. भ्यालेला ससा भांडत नाही, तसा खातही नाही. आणि सशाचं पोट अर्धा दिवस रिकामं राहिलं तर जिवावर बेततं. मी लेंड्या मोजत बसायची.

परत आलो तर घरात गाळ. खराट्यानं ओढला, ब्लीचिंग पावडर मारली, चार-पाच वेळा फरशी धुतली. वास उडाल्यावर चिंगीला सोडलं, तर ती स्वतःच्याच खोलीत परक्यासारखी! उंबरा हुंगला, पुढचे पाय लांब करून अंग ताणत एकेक पाऊल टाकलं. तिची सगळी हद्द कृष्णा घेऊन गेली होती. मी त्याच दुपारी टॉवेल घेऊन बसले आणि बाकी दोघांनाही सोडलं.

पाठलाग झाला. बासुंदी एकदा खाली दबली, थोडे केस गेले. मी उठले नाही; भिंगरी सुरू झाली असती तर उठले असते. दहा मिनिटांनी चिंगी तिच्यासमोर गेली आणि मान खाली घालून बसली. ही विनवणी नव्हे, हुकूम: चाट. बासुंदीला कळेना. ती हुंगत राहिली. चिंगीनं नाकानं ढुशी दिली, पुन्हा मान घातली. तेव्हा कुठं बासुंदीनं तिच्या डोळ्याजवळ एकदा जीभ फिरवली.

दत्तजयंतीपर्यंत तिघं एका ताटलीवर आले. दुपारी मण्या-चिंगी अंगाला अंग लावून झोपतात, बासुंदी वीतभर अंतरावर. परवा आक्का वाकून बघत म्हणाल्या, "धाकटीला अजून माजघरात घेतलेलं दिसत नाही."