शहर उचलले!

अमेरिकेच्या दक्षिणेकडील टेक्सास राज्याच्या किनाऱ्यालगत गॅल्व्हेस्टन हे वाळूचे बेट आहे. १९०० साली तेथील शहराची सर्वांत उंच जागाही समुद्रसपाटीपासून ३ मीटरपेक्षा कमी होती. ८ सप्टेंबरला चक्रीवादळ आले. वाऱ्याने किनाऱ्याकडे रेटलेले पाणी उथळ समुद्रात मागे सरेना. ते सुमारे साडेचार मीटर चढले. किमान ६,००० माणसे दगावली.

मग सुमारे ५ मीटर उंचीची भिंत उभारली गेली. एवढेच नव्हे, तर २,००० हून अधिक इमारती जॅकने उचलून त्यांखाली पाणीमिश्रित वाळू सोडली. पाणी निथळले, वाळू राहिली, जमीन उंचावली!

१९१५ साली पुन्हा मोठे वादळ आले. या वेळी शहर तगले.