भिंतीवरची अक्षरे जपू या!

ज्यांच्याजवळ छापखाना नसतो, त्यांचे वर्तमानपत्र म्हणजे भिंत. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला, तेव्हा पैसे मोजूनही त्याची जाहिरात छापून मिळाली नव्हती, हे आपण जाणतोच. पुढे आपली पत्रे निघाली, छापखाना उभा राहिला. पण वस्तीतल्या साध्या कार्यकर्त्याच्या हाती असे ती नीळ, गेरू आणि काथ्याचा ब्रश. रात्री जागून त्याने भिंतीवर घोषणा लिहिल्या आणि सकाळी साऱ्या गावाने त्या वाचल्या.

परंतु कागद कपाटात राहतो, भिंत राहत नाही. एका पावसाळ्यात नीळ ओघळते, चुन्याच्या एका हाताखाली घोषणा झाकली जाते. म्हणून शहरांतील भिंतींवरची चित्रे, पडक्या वास्तूंमधली अक्षरे यांची छायाचित्रे काढून ठेवणे हा परदेशात अनेकांचा छंद असला, तरी आपल्यासाठी ते इतिहास जपण्याचे काम आहे. वसई तालुक्यातल्या निर्मळच्या परिसरात तर याचा पुरावाच दगडात सापडला आहे.

भुईगावचा दगड

निर्मळ म्हटले की तळे, शंकराचार्यांची समाधी, कार्तिकातली जत्रा आणि होली क्रॉस चर्च लोकांना आठवते. पण निर्मळच्या एका अंगाला सोपारा आहे आणि दुसऱ्या अंगाला भुईगाव, हे आपण बौद्धांनी विशेष लक्षात ठेवले पाहिजे. सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील बुरुड राजाच्या कोटात उत्खनन केले आणि लोक ज्याला मातीचे टेकाड समजत होते, त्यातून स्तूप निघाला. दगडी पेटीत आठ मूर्ती आणि तथागतांच्या भिक्षापात्राचे मानले गेलेले तुकडे मिळाले. ते आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत. त्याच वर्षी सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही हाती आला. शिकारीच्या व मौजेच्या यात्रा सोडून राजाने धम्मयात्रा सुरू केल्या आणि तो संबोधीला, म्हणजे बुद्धगयेला गेला, असे या लेखात सांगितले आहे.

नवव्या लेखाचा तुकडा मिळाला तो १९५६ साली, भुईगावला. एशियाटिक सोसायटीचे ग्रंथपाल एन. ए. गोरे यांना तो सापडला. ज्या वर्षी बाबासाहेबांनी नागपूरला लाखोंना धम्मदीक्षा दिली, त्याच वर्षी हा दगड बोलू लागला! आणि हा नववा लेख सांगतो तरी काय? आजारपणात, लग्नकार्यात, बाळंतपणात, प्रवासाला निघताना लोक नाना प्रकारचे विधी करतात, त्यांचे फळ अल्प आहे. दास व सेवक यांच्याशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर, प्राणिमात्रांविषयी संयम आणि दान हेच खरे मंगल. आपल्या माताभगिनींनी घरातल्या कर्मकांडाविषयी विचार करताना आजही वाचावा असा हा मजकूर आहे.

राजाने तो राजवाड्यात ठेवला नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावा म्हणून उघड्यावरच्या दगडावर, लोकांच्या बोलीत कोरून घेतला. सोपाऱ्याला चौदाही लेख असावेत, असे अभ्यासक मानतात. हाती आले ते दोन तुकडे. बाकीचा दगड कोणत्या बांधात गेला, कोणाच्या पायरीखाली गेला, कोणी सांगावे? दगडाची ही गत, तर निळीची काय कथा!

नावे कोरणारे

भिंतीवर लिहिणारे सगळेच सारखे नसतात. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात शिरला आणि तेथल्या रंगवलेल्या खांबावर त्याने स्वतःचे नाव व तारीख खरवडून ठेवली. ज्या चित्रकार भिक्खूंनी, कारागिरांनी तेथे आयुष्य वेचले, त्यांपैकी बहुतेकांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. पाहुण्याचे नाव मात्र दोनशे वर्षे टिकले.

कोणी विचारील, कान्हेरीच्या ९० व्या लेण्यात पारशी यात्रेकरूंनी इसवी सन १००९ व १०२१ मध्ये पहलवी लिपीत आपली नावे कोरली, ती आज विद्वान कौतुकाने वाचतात. मग आमच्या मुलांनी नाव लिहिले तर बिघडले कुठे? उत्तर सोपे आहे. हजार वर्षांपूर्वी त्या यात्रेकरूंजवळ कॅमेरा नव्हता आणि तेथे येणारे मोजकेच होते. आज एका रविवारी शेकडो माणसे येतात. प्रत्येकाने एकेक अक्षर कोरायचे ठरवले, तर लेणे उरणार नाही. १७३९ साली चिमाजी अप्पांनी जिंकलेल्या वसईच्या किल्ल्यात आज ओसाड चर्चच्या भिंतींवर बाण मारलेली हृदये आणि कॉलेजच्या मुलांची नावे पाहिली की हे पटते. संरक्षित स्मारक विद्रूप करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी कायद्यात तरतूद आहे. सोपाऱ्याचा स्तूपही संरक्षित आहे. तेथे ‘जय भीम’ लिहिणे हीसुद्धा भक्ती नव्हे. बाबासाहेबांचे नाव लिहायला आपल्या घराची भिंत आहे.

अजिंठ्याचीच आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून तेथील चित्रांच्या मोठमोठ्या प्रतिकृती तैलरंगात केल्या. त्यांतल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पण गिल यांनी लेण्यांची छायाचित्रेही काढली होती, ती १८६४ साली पुस्तकरूपाने निघाली आणि अभ्यासकांच्या कामी आली. छायाचित्राच्या अनेक प्रती निघतात आणि त्या अनेक घरांत राहतात, हेच त्याचे बळ.

आमच्या भिंती

आता आपल्या वस्तीकडे वळू या. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. मधल्या साडेपंधरा वर्षांत महाराष्ट्रातल्या किती भिंतींवर त्या मागणीची अक्षरे उमटली असतील! त्या लढ्यात माणसे मारली गेली, घरे जळाली. मोर्चांची काही छायाचित्रे आहेत. परंतु भिंतींची किती आहेत? वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग येथील बी. डी. डी. चाळी पाडून तेथे उंच इमारती होत आहेत. नव्या घराचा आनंद मोठा आहे आणि तो आपल्या लोकांना मिळालाच पाहिजे. पण पँथरच्या काळातले जिने, भिंती आणि त्यांवरची चित्रे त्या मलब्याबरोबर जातात. २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन आणि ‘जनता’, ‘प्रबुद्ध भारत’ जेथे छापले गेले तो बुद्धभूषण प्रेस जमीनदोस्त झाला. एका रात्रीत वास्तू जाते, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे.

दुसरे नुकसान हळूहळू होते. पूर्वी १४ एप्रिल आला की वस्तीतला पेंटर बाबासाहेब, माता रमाई, सावित्रीबाई आणि अशोकचक्र हाताने रंगवीत असे. आता फ्लेक्स लागतो आणि पंधरा दिवसांत उतरतो. त्या पेंटरचे हात म्हातारे होत आहेत. त्याचे नाव कोणत्याही पुस्तकात नाही.

शिकागोची भिंत

अमेरिकेतील आपल्या समदुःखी बांधवांनी हे काम केले आहे. १९६७ साली शिकागोच्या दक्षिण भागातल्या कृष्णवर्णीय वस्तीत चित्रकारांनी व छायाचित्रकारांनी मिळून एका पडक्या इमारतीची भिंत रंगवली. माल्कम एक्स, मुहम्मद अली, विचारवंत डुबॉइस असे त्यांचे थोर स्त्री-पुरुष त्या भिंतीवर अवतरले. हे डुबॉइस म्हणजे ज्यांना १९४६ साली बाबासाहेबांनी पत्र लिहिले होते तेच. लोकांनी तिला ‘आदराची भिंत’ म्हटले. १९७१ च्या आगीनंतर ती इमारत पाडली गेली. तरीही ती भिंत आज शिकवली जाते, तिच्यावर ग्रंथ निघतात, कारण वस्तीतल्याच लोकांनी तिची छायाचित्रे काढून ठेवली होती. ब्लॅक पँथरकडून आपण १९७२ साली नाव घेतले, आता ही सवयही घेऊ या.

छायाचित्र कसे काढावे?

आज घरोघरी मोबाईल आहे, त्यामुळे महागड्या कॅमेऱ्याची गरज नाही. पुढील गोष्टी मात्र सांभाळाव्यात.

१) आधी पूर्ण भिंत परिसरासह टिपावी, मग जवळून अक्षरे. भिंतीसमोर सरळ उभे राहावे, म्हणजे अक्षरे तिरकी येत नाहीत.

२) कोरीव अक्षरांसाठी सकाळचा किंवा संध्याकाळचा तिरपा उजेड उत्तम. खाचांत सावली पडते आणि पुसट अक्षरही उठून दिसते. अक्षरांत खडू, पीठ किंवा तेल भरू नये, दगडाला इजा होते. रंगीत लेणीचित्रांवर फ्लॅश कधीही मारू नये.

३) दुसऱ्याच्या घराची भिंत असेल तर घरच्यांना विचारावे. माणसांचे चेहरे त्यांच्या संमतीशिवाय घेऊ नयेत.

४) पडक्या वास्तूत एकट्याने जाऊ नये. सैल दगड, उघड्या विहिरी, साप यांचे भय असते. दिवसाउजेडी जावे, मुलांना नजरेसमोर ठेवावे.

५) प्रत्येक चित्राबरोबर गाव, गल्ली, तारीख आणि रंगवणाऱ्याचे नाव लिहून ठेवावे. हे सर्वांत महत्त्वाचे. नावाविना चित्र म्हणजे पत्त्याविना पत्र.

६) मोबाईल हरवतो, बिघडतो. निवडक चित्रे कागदावर काढून घ्यावीत आणि वहीत चिकटवून विहाराच्या कपाटात ठेवावीत.

या कामात घरातले सर्वजण भाग घेऊ शकतात. मुलाने चित्र काढावे, मुलीने माहिती लिहावी आणि आजीने सांगावे की ही घोषणा कोणत्या साली लिहिली, तेव्हा रात्री राखण कोणी केली आणि भाकरी कोणी पोचवली. आजीची ही आठवण वहीत आली नाही, तर ती तिच्याबरोबरच जाईल.

वसई, विरार, नालासोपाऱ्याच्या उपासक-उपासिकांनी एखाद्या रविवारी निर्मळ, भुईगाव, सोपारा अशी फेरी काढावी. स्तूपाला वंदन करावे, मुलांना नवव्या लेखाचा अर्थ समजावून सांगावा आणि परतल्यावर आपापल्या वस्तीतल्या भिंतींपासून सुरुवात करावी. येत्या पावसाळ्याच्या आधी प्रत्येक विहारात अशी एक वही तयार झाली, तर उद्याच्या इतिहासकाराला आपल्या दारी यावेच लागेल.