मैदानांची जडणघडण (लेखांक ७) : सप्पोरोचं सरकतं मैदान

मागच्या लेखांकात आपण उघडझाप होणाऱ्या छपरांची स्टेडियम पाहिली. जपानच्या उत्तरेकडील होक्काइदो बेटावरच्या सप्पोरो शहराने नेमका उलटा मार्ग धरला. छप्पर कायमचं बंद ठेवलं आणि मैदानच बाहेर काढलं.

त्यामागे अडचणही तशीच होती. सप्पोरोत हिवाळ्यात एकूण पाचेक मीटर बर्फ पडतो, म्हणून छप्पर हवंच. पण २००२च्या विश्वचषकाचे फुटबॉल सामने खरं गवत मागत होते आणि गवताला ऊन लागतं. शिवाय बेसबॉलही तिथेच खेळायचा होता. फुटबॉलचं मैदान आयताकृती, तर बेसबॉलचं पंख्यासारखं पसरत जाणारं, म्हणजे एकाच्या रेषा दुसऱ्याच्या कामाच्या नाहीत.

क्योतोचं रेल्वे स्थानक उभारणारे वास्तुरचनाकार हिरोशी हारा यांनी यावर जे उत्तर काढलं, ते मला आजही थक्क करतं. १२० मीटर लांब आणि ८५ मीटर रुंद असा गवताचा अख्खा तराफा एरवी बाहेर उन्हात असतो. त्याचं वजन ८,३०० टन. सामन्याआधी खालून हवेचा दाब देऊन तो साडेसात सेंटिमीटर उचलतात. बहुतेक भार हवेने पेलल्यावर उरलेला चाकांवर येतो आणि मैदान मिनिटाला चार मीटर या गतीने आत सरकतं. आत आल्यावर ते काटकोनात फिरवून प्रेक्षागृहाशी जुळवतात. २००२च्या विश्वचषकात इंग्लंडने अर्जेंटिनाला १-० हरवलं, बेकहॅमने पेनल्टीवर गोल केला, तो याच गवतावर. २००७ साली नॉर्डिक स्कीइंगच्या जागतिक स्पर्धेसाठी घुमटाच्या आत बर्फसुद्धा पसरला गेला.

बेसबॉलला मात्र हे घर कधी पुरतं मानवलं नाही. २००४ साली टोकियोहून आलेला निप्पॉन हॅम फायटर्स हा संघ इथे रुजला, २००६चं जपान सीरीजचं विजेतेपद त्याने इथेच साजरं केलं. शोहेई ओतानी याच संघातून पुढे आला. पण फुटबॉलसाठी जागा मोकळी करायची म्हणून बेसबॉलचं कृत्रिम गवत गुंडाळता येईल इतकं पातळ ठेवावं लागे आणि त्याखाली काँक्रीट. त्यावर झेपावणाऱ्या खेळाडूंच्या अंगाला ते झोंबत असे. त्यात स्टेडियम शहराचं, संघ भाडेकरू. भाडं भरायचं, पण जागेत आपल्या मनाजोगे बदल करायची मुभा नाही. गवताइतकंच हेही संघाला खुपत होतं.

२०२३मध्ये फायटर्स शेजारच्या किताहिरोशिमा शहरात स्वतःच्या स्टेडियममध्ये गेले. त्याच आर्थिक वर्षात सप्पोरोचं हे घुमटाकार स्टेडियम चालवणाऱ्या कंपनीला सुमारे ६५ कोटी येनचा तोटा झाला. हारांच्या यंत्रणेला यात दोष देणं मला अन्यायाचं वाटतं. तिने सोपवलेलं काम चोख केलं. चूक झाली ती वर्षभर सर्वाधिक सामने खेळणाऱ्या संघाला इतर कार्यक्रमांच्या रांगेत उभं करण्यात. २०२४पासून नावाचे हक्क विकून ही वास्तू ‘दाइवा हाउस प्रेमिस्ट डोम’ झाली आहे. कोन्सादोले हा फुटबॉल संघ अजून तिथेच खेळतो.